स्नॅपशॉट साठले, डिस्क भरली: व्हर्च्युअल मशीनची जागा मोकळी कशी करायची आणि बॅकअप कसा ठेवायचा

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आपल्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, चालवायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच एक संध्याकाळ येते. चालू मशीन मध्येच थांबतं, होस्टची, म्हणजे मूळ संगणकाची, डिस्क भरल्याचा निरोप पडद्यावर येतो आणि लॅपटॉपच्या २५६ जीबींतले जेमतेम काहीशे एमबी उरलेले दिसतात. मग घाईघाईत फोटो उडतात, सिनेमे उडतात. तेवढ्याने भागलं नाही की हात जातो तो महिरपी कंसातल्या लांबलचक नावांच्या, दहा-वीस जीबींच्या फाइलींकडे. कशाच्या आहेत कळत नाही, म्हणून त्याही उडवल्या जातात. खरं नुकसान तिथे होतं.

ते कसं होतं हे मी स्वतः अनुभवलंय. अंधेरीच्या एका कंपनीत नवीन असताना जागा हवी म्हणून मी ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमधली सगळ्यात मोठी फाइल शिफ्ट-डिलीटने काढली. बिलिंगची चाचणी ज्या मशीनवर चालायची ते मशीन त्यानंतर उठलंच नाही. दोघा सहकाऱ्यांचं चार दिवसांचं काम त्या फाइलीत होतं. बॅकअप कुठे आहे असं विचारल्यावर मी म्हणालो, ‘स्नॅपशॉट घेतले होते ना.’ स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची एखाद्या क्षणाची राखून ठेवलेली अवस्था, हाच बॅकअप अशी माझी समजूत होती. नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींची आजही तीच समजूत दिसते, म्हणून हा लेख.

उदाहरणं व्हर्च्युअलबॉक्सची देतो. ते फुकट आहे आणि क्लासमध्ये बहुतेकांचा पहिला हात त्यावरच बसतो. इतर सॉफ्टवेअरबद्दल पुढे लिहिलंय.

आधी आत काय घडतं ते

तुमच्या सोसायटीत सभासदांचं जुनं रजिस्टर असतं, ते डोळ्यांसमोर आणा. एके दिवशी सेक्रेटरींनी ठरवलं की या रजिस्टरला आता हात लावायचा नाही. इथून पुढे काही बदललं तर ते नव्या वहीत लिहायचं. १२ नंबरच्या खोलीचा मालक बदलला की नव्या वहीत फक्त १२ नंबरची नोंद होणार. कुणी विचारलं तर आधी नवी वही बघायची, तिथे नोंद नसेल तर जुनं रजिस्टर उघडायचं. सहा महिन्यांनी ती वहीही बंद करून तिसरी सुरू केली, तर आता शोधायला तीन जागा झाल्या.

स्नॅपशॉट घेतला की नेमकं हेच होतं. मूळ डिस्कची फाइल त्या क्षणी गोठते आणि पुढचं सगळं लिखाण एका नव्या, फक्त फरक साठवणाऱ्या फाइलीत जातं. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची पूर्ण नक्कल असं अनेकांना वाटतं. तशी नक्कल कुठेच होत नाही, म्हणूनच स्नॅपशॉट काही सेकंदांत होतो. मधली एक वही फाडली तर पुढच्या वह्यांतल्या नोंदींचा मेळ लागत नाही. मूळ रजिस्टरच वाळवीने खाल्लं तर उरलेल्या वह्यांतल्या फुटकळ नोंदींवरून इमारतीत कोण राहतं हे सांगता येणार नाही. स्नॅपशॉट बॅकअपची जागा घेऊ शकत नाही तो या कारणाने: तो त्याच डिस्कवर असतो आणि आधीच्या प्रत्येक फाइलीवर अवलंबून असतो.

जागेचा हिशोबही यातूनच कळतो. मशीनला ५० जीबींची डिस्क दिली असेल तर फरकाची प्रत्येक फाइल वाढत वाढत ५० जीबींपर्यंत जाऊ शकते. तीन स्नॅपशॉट म्हणजे मूळ फाइल आणि फरकाच्या तीन फाइली, म्हणजे वाईटात वाईट २०० जीबी. एवढी वाढ रोजच्या वापरात सहसा होत नाही. पण विंडोजचे मोठे अपडेट, डेटाबेसची उलथापालथ किंवा आतून चालवलेलं डिफ्रॅग यांनी ती फाइल बघता बघता फुगते. आणि मशीनच्या आत फाइली डिलीट केल्या तरी बाहेरची फाइल आपोआप आकसत नाही, हे कायम लक्षात ठेवा.

पायरी १: जागा कुठे गेली ते बघा

अजून काहीही डिलीट करू नका. होम फोल्डरमध्ये ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’ असं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक मशीनचं वेगळं. मशीनच्या फोल्डरमध्ये व्हीडीआय ही मूळ डिस्क, सेटिंग आणि स्नॅपशॉटची वंशावळ लिहिलेली व्हीबॉक्स नावाची छोटी फाइल, लॉग्ज आणि ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डर सापडेल. या फोल्डरांच्या आत फक्त बघायचं आहे. फाइल हलवायची नाही, तिचं नाव बदलायचं नाही, डिलीट तर करायचीच नाही.

खरा आकडा व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये दिसतो. तिथे डिस्क झाडासारख्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर दोन आकडे असतात: मशीनला दाखवलेला आकार आणि प्रत्यक्ष व्यापलेली जागा. आपल्याला दुसरा आकडा हवा. तो कागदावर लिहून घ्या, शेवटी ताडून बघायला उपयोगी पडेल.

अनेकदा इथे वेगळंच सापडतं. डाउनलोड्समध्ये उबुंटूच्या आणि विंडोजच्या आयएसओ फाइली (इन्स्टॉल करायच्या सीडीची प्रत) पडलेल्या असतात, चार-सहा जीबींची एक. इन्स्टॉल झाल्यावर त्यांचं काम संपलेलं असतं, फक्त मशीनच्या व्हर्च्युअल सीडी ड्राइव्हमधून त्या आधी काढून घ्या. आयात करून झालेल्या ओव्हीए फाइलीही (अख्खं मशीन एका फाइलीत बांधलेलं) तशाच राहतात. नुसत्या त्या काढल्या तरी पुढच्या कामापुरती जागा होते.

पायरी २: डिलीट आणि रिस्टोअर यांतला फरक पक्का करा

या दोन बटणांची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

स्नॅपशॉट डिलीट केला तर मशीनची आजची अवस्था जशीच्या तशी राहते. वहीतल्या नोंदी जुन्या वहीत उतरवून घेतल्या जातात आणि वेगळी वही रद्द होते, इतकंच. तुम्ही गमावता ती त्या जुन्या दिवसाकडे परत जाण्याची सोय. मुलं ‘डिलीट’ या शब्दाला घाबरतात आणि वर्षभराचे स्नॅपशॉट सांभाळत बसतात. ती भीती अनाठायी आहे.

रिस्टोअर मात्र जपून करायचं. रिस्टोअर केलं की मशीन जुन्या दिवसावर जातं आणि त्यानंतर केलेलं सगळं काम जातं. व्हर्च्युअलबॉक्स त्या वेळी आजच्या अवस्थेचा स्नॅपशॉट घ्यायचा का असं विचारतो. पूर्ण खात्री नसेल तर ती खूण राहू द्या, थोडी जागा गेली तरी चालेल.

पायरी ३: एकेक करून कमी करा

सगळ्यात आधी मशीन नीट शटडाउन करा. ‘सेव्ह स्टेट’ (चालू अवस्था जपून मशीन नुसतं थांबवणं) इथे चालणार नाही. मग स्नॅपशॉटची यादी उघडा आणि प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारा: या दिवसाकडे परत जायची वेळ खरंच येईल का? तीन महिन्यांपूर्वीचा ‘स्नॅपशॉट ४’ कशासाठी होता हेच आठवत नसेल, तर उत्तर मिळालं.

आता अडचण अशी की जागा मोकळी करायलाच आधी जागा लागते. दोन फाइली एकत्र होताना डेटा एकीतून दुसरीत उतरतो आणि काम पुरं होईपर्यंत जास्तीची जागा व्यापली जाऊ शकते. डिस्कवर २ जीबी शिल्लक असताना ३० जीबींचा स्नॅपशॉट काढायला गेलात तर काम अर्ध्यावर अडकेल. म्हणून पायरी १ मधले आयएसओ आधी काढा, फोटो-व्हिडिओ तात्पुरते बाहेरच्या ड्राइव्हवर हलवा. मग एका वेळी एकच स्नॅपशॉट डिलीट करा, तो पूर्ण होऊ द्या, मशीन एकदा चालू करून बघा, बंद करा आणि पुढचा घ्या. ज्याच्यापासून दोन वेगळ्या फांद्या निघाल्या आहेत तो स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्स काढू देत नाही. आधी एक फांदी संपवावी लागते.

वेळ लागतो. मोठी फाइल आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर तासाच्या वर जाऊ शकतो. टक्केवारी एका आकड्यावर अडकल्यासारखी दिसली म्हणून टास्क मॅनेजरमधून बंद करू नका. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर असू द्या. मुंबईत वीज जात नाही या भरवशावर आपण सगळेच असतो, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि लोकलसकट शहर थांबलं. त्या क्षणी ज्याच्या दोन डिस्क फाइली एकमेकींत मिसळत असतील त्याची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा.

एखाद्याने फाइल एक्सप्लोररमधून साध्या डिलीटने काढली असेल आणि ती अजून रिसायकल बिनमध्ये असेल, तर मशीन चालू करून बघण्याच्या फंदात न पडता ती आधी जागेवर परत आणा. बऱ्याचदा मशीन वाचतं. आणि स्नॅपशॉट असलेल्या मशीनची मूळ व्हीडीआय दुसऱ्या मशीनला जोडून त्यात काही लिहू नका. मूळ रजिस्टर बदललं की वरच्या सगळ्या वह्या खोट्या ठरतात.

पायरी ४: फुगलेली डिस्क आवळा

स्नॅपशॉट गेले तरी व्हीडीआय फाइल ४० जीबींची आणि आतला डेटा १८ जीबींचा, असं दिसू शकतं. आत डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष तिथेच असतात. रिकाम्या जागेवर शून्यं लिहिली की व्हर्च्युअलबॉक्सला ती जागा ओळखता येते आणि सोडता येते.

इथे क्रम चुकवू नका. स्नॅपशॉट असतानाच शून्यं लिहिली तर ते सगळं लिखाण फरकाच्या फाइलीत जाऊन ती फुगू शकते आणि उरलीसुरली जागाही जाते. आधी स्नॅपशॉट काढायचे, मग शून्यं, मग आवळणं.

गेस्टमध्ये, म्हणजे मशीनच्या आत, विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं एसडिलीट हे छोटं साधन झेड या पर्यायासह चालवा. लिनक्स असेल तर झीरोफ्री. ते वापरताना ती फाइलसिस्टिम न जोडलेली किंवा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असावी लागते, त्यामुळे लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) बूट करणं सोपं. शून्यं लिहिताना बाहेरची फाइल तात्पुरती वाढू शकते, तेवढी जागा हाताशी ठेवा. मग मशीन बंद करून होस्टच्या कमांड खिडकीत आज्ञा द्यायची. तिचा क्रम असा: व्हीबॉक्समॅनेज, मग मॉडिफायमीडियम, मग डिस्क, मग अवतरणचिन्हांत व्हीडीआय फाइलचा पूर्ण पत्ता आणि शेवटी दोन आडव्या रेघा जोडून कॉम्पॅक्ट.

हे ‘डायनॅमिक’ प्रकारच्या व्हीडीआय डिस्कवर चालतं. मशीन बनवताना ‘फिक्स्ड’ निवडली असेल तर फाइल पहिल्या दिवसापासून पूर्ण आकाराची असते, तिथे आवळण्यासारखं काही नसतं. डिस्क व्हीएमडीके (व्हीएमवेअरचा प्रकार) असेल तर आत शून्यं लिहून झाल्यावर तिचा क्लोन डायनॅमिक व्हीडीआयमध्ये करा, तोही तेवढाच आटोपशीर होतो.

पायरी ५: आता खरा बॅकअप

मशीन शटडाउन असताना फाइल मेनूतून ‘एक्सपोर्ट अप्लायन्स’ घ्या आणि ओव्हीए प्रकार निवडा. सगळं मशीन एकाच फाइलीत बांधलं जातं आणि डिस्क आत दाबून भरली जाते, म्हणून ही फाइल मूळ व्हीडीआयपेक्षा बरीच लहान होते. एक्सपोर्टमध्ये फक्त आजची अवस्था जाते, स्नॅपशॉट जात नाहीत. नवख्याच्या बॅकअपला मला तेच बरं वाटतं. स्नॅपशॉटसकट सगळं जपायचंच असेल तर मशीन बंद करून त्याचं अख्खं फोल्डर उचलून कॉपी करा. त्यातली एकच फाइल कॉपी करण्याला अर्थ नाही.

बाहेरची हार्ड डिस्क लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर घराजवळून, पण सीलबंद आणि बिलासकट घ्या. स्वस्तात भरमसाट क्षमता छापलेले नकली पेन ड्राइव्ह बाजारात असतात. नवा ड्राइव्ह हातात आला की एच२टेस्टडब्ल्यूसारख्या साधनाने पूर्ण भरून तपासा. ५०० जीबींचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ दिसला तर मात्र दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबींहून मोठी फाइल त्यावर बसणारच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. पोर्टही बघा. जुन्या यूएसबी २ वर सेकंदाला सुमारे ३५ एमबी धरले तर ४० जीबींना वीस मिनिटं लागतात. यूएसबी ३ वर तेच काम बरंच लवकर होतं.

कॉपी झाली की दोन्ही ठिकाणच्या फाइलींचा एसएचए-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून ताडा. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये एसएचए२५६सम ही साधनं आधीच असतात. ६४ अक्षरांची ओळ दोन्हीकडे तंतोतंत सारखी आली पाहिजे. ही ओळ एका मजकूर फाइलीत लिहून बॅकअपशेजारी ठेवा, वर्षभराने ड्राइव्ह उघडाल तेव्हा पुन्हा ताडता येईल.

आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी. हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या ऑफिसात संगणक एका टेबलावर आणि बॅकअप शेजारच्या कपाटात असेल, तर अशा दिवशी दोन्ही एकाच पाण्यात जातात. हिंदमाता, कुर्ला, मिलन सबवे या भागांत ऑफिस असेल तर त्यासाठी २००५ चीच वाट बघावी लागत नाही. एक ड्राइव्ह ऑफिसात, दुसरा डोंबिवली-विरारच्या घरी, वरच्या मजल्यावर, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत. क्लाउडवर ठेवणार असाल तर अपलोडचा वेग आधी मोजा: ५० एमबीपीएसला २० जीबी चढायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो, म्हणून रात्री लावा. मशीनमध्ये ग्राहकांचा डेटा असेल तर ड्राइव्ह बिटलॉकरने किंवा फाइल सेव्हन-झिपच्या पासवर्डने बंद करूनच घराबाहेर न्या. लोकलमध्ये बॅग राहून जाऊ शकते.

स्नॅपशॉट घ्यायचा तो कधी

अपडेटच्या आधी, सेटिंग बदलण्याच्या आधी, नवं काही इन्स्टॉल करण्याच्या आधी. काम नीट झालं की एक-दोन दिवसांत डिलीट. नावात तारीख आणि कारण लिहा: ‘१४ जून, टॅली अपडेटआधी’. शक्य असेल तेव्हा मशीन बंद करून घ्या. चालू मशीनचा स्नॅपशॉट घेतला तर रॅममधलं सगळंही फाइलीत उतरतं आणि ४ जीबी रॅम दिलेल्या मशीनला त्यापायी आणखी काही जीबी द्यावे लागू शकतात.

आत डेटाबेस असेल तर अख्ख्या मशीनच्या बॅकअपशिवाय डेटाबेसचा स्वतःचा डंपही (त्यातल्या डेटाची वेगळी फाइल) रोज बाहेर काढा. ती फाइल मशीनच्या मानाने लहान असते आणि एक टेबल परत हवं असेल तर ४० जीबी उलगडत बसावं लागत नाही. विंडोजचा डोमेन कंट्रोलर (ऑफिसच्या नेटवर्कवरची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) जुन्या स्नॅपशॉटवर सहज म्हणून रिस्टोअर करू नका. बाकीचे कंट्रोलर पुढे गेलेले असतात आणि हा मागच्या दिवसावर उभा राहतो. विंडोज सर्व्हर २०१२ पासून यावर संरक्षण आलं, पण ते व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरचीही साथ असेल तरच चालतं.

ऑफिसात दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

तत्त्व तेच, नावं वेगळी. व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर एका साखळीत जास्तीत जास्त ३२ स्नॅपशॉट चालतात, पण कंपनीचाच सल्ला दोन-तीनच्या पुढे न जाण्याचा आणि कुठलाही ७२ तासांहून जास्त न ठेवण्याचा आहे. स्नॅपशॉटच्या यादीत काही नाही तरी डेल्टा (फरकाच्या) फाइली दिसताहेत असं झालं तर ‘कन्सॉलिडेट’ हा पर्याय आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये स्नॅपशॉटलाच चेकपॉइंट म्हणतात आणि त्याच्या फाइली एव्हीएचडीएक्स. विंडोज १० वरच्या हायपर-व्हीमध्ये नव्या मशीनना आपोआप चेकपॉइंट घेण्याची सोय चालू असते, नको असेल तर सेटिंगमध्ये बंद करा. प्रॉक्समॉक्समध्ये बॅकअपची वेळ लावून ठेवता येते आणि किती जुने बॅकअप राखायचे तेही ठरवता येतं. जागा आटोक्यात ठेवायला ती सोय फार चांगली.

पायरी ६: परत उभं राहतं का ते बघा

ओव्हीए फाइल बनली, आकडे जुळले, तरी ती उघडून मशीन चालू होईपर्यंत तिच्यावर विसंबू नका. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर इम्पोर्ट करा. नाव बदलून ‘चाचणी’ असं द्या. चालू करण्याआधी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये केबल जोडल्याची खूण काढून टाका, नाहीतर एकाच नावाची आणि एकाच आयपीची दोन मशीन नेटवर्कवर येतील आणि मूळ मशीनलाही त्रास होईल. लॉगिन करा, एक-दोन महत्त्वाच्या फाइली उघडा, डेटाबेस असेल तर शेवटच्या नोंदीची तारीख बघा. सगळं ठीक असेल तर ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून मशीनचं नाव, बॅकअपची तारीख आणि चाचणीची तारीख पेनाने लिहा. महिन्यातून एकदा एवढं पुरतं. पहिला शनिवार ठरवून टाका.

मग ते चाचणीचं मशीन बंद करा, त्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह’ घ्या आणि ‘डिलीट ऑल फाइल्स’ निवडा. नुसतं यादीतून काढलं तर फाइली डिस्कवर तशाच राहतात. बटण दाबण्याआधी नाव एकदा वाचा, ‘चाचणी’च आहे ना. आणि मीडिया मॅनेजर उघडून पायरी १ ला कागदावर लिहिलेल्या आकड्याशी आजचा आकडा ताडून बघा.